येथे मजकूर लिहा

४ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. मन प्रसन्न आहे, आणि हे वाक्य मी सहसा लिहीत नाही. माझ्या खोलीला मोठी खिडकी आहे. खाली हिरवळ, हिरवळीवर दोन बाकं. खुर्ची फिरते. टेबलाचे खण अडकत नाहीत. मागच्या कचेरीत मी सहा जणांच्या घोरण्या-शिंकण्यात बसायचो, त्यामानाने हा स्वर्गच म्हणायचा. स्वर्गातही मूर्ख भेटतात, पण तो दोष स्वर्गाचा नाही.

ही जागा म्हणजे एक वृद्धनिवास आहे. दोन मजले, खाली दिवाणखाना, मागे जेवणाची खोली. निवासाच्या वेबसाइटवर प्रत्येक रहिवाशाचं एक पान आहे. त्यावर फोटो, औषधं, सवयी, स्वभाव, काय आवडतं, कशाने चिडतात, असं सगळं. लांब राहणारी मुलं महिन्यातून एकदा ते पान उघडतात आणि आईवडिलांची सेवा झाली असं समजून झोपी जातात. इथल्या परिचारिकाही त्याच पानावर चालतात. प्रत्येक पलंगाशी ते पान दाखवणारा एक छोटा डिजिटल पडदा टांगलेला आहे आणि त्यात जे लिहिलं असेल तेच त्या माणसाला मिळतं. स्वतःची अक्कल वापरायची सोय नाही. त्यांच्याकडे बघता तेच बरं.

माझं काम म्हणजे या सगळ्या पानांसाठी एक साचा तयार करायचा. साचा एकदा बनला की प्रत्येक पान त्यातून बाहेर पडतं, सारखं आणि नीटनेटकं. 

संचालकांनी स्वतः एडिटर दाखवला. या गृहस्थांना मी मनात 'इस्त्री' असं नाव दिलं आहे. शर्टाला एक सुरकुती नाही, तशी मेंदूलाही नसावी. एडिटर त्यांच्या मेहुण्याने बनवलेला आहे, हे त्यांनी जावयाचं कौतुक सांगावं तसं सांगितलं. माउसने चौकट उचलायची, हवी तिथे सोडायची, चौकटीत लिहायचं. इस्त्री म्हणाले की यात जसं दिसेल तसंच होतं. प्रत्येक एडिटर हेच म्हणतो आणि एकाही एडिटरमध्ये ते खरं नसतं. मी मान डोलावली. 

कर्मचाऱ्यांनीही आपापलं पान करायचं असा नियम आहे. मी तिथल्या तिथे माझं केलं. स्वभाव : तिरकस. सवयी : मूर्खांशी कमी बोलतो. कशाने चिडतो : मोठी यादी आहे, जागा अपुरी. इस्त्रींनी वाचलं आणि छान आहे म्हणाले. त्यांनी वाचलं नसावं.

दिवाणखान्यात दाराजवळच्या खुर्चीत एक माणूस दिवसभर बसलेला असतो. फार तर माझ्या वयाचा, चाळिशीचा. मी जाताना तो उठला, हसला आणि म्हणाला, "आपण बसा." मी येताना पुन्हा उठला, पुन्हा तेच. मेट्रनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, आधी इथेच कचेरीत होते, मग अचानक असे झाले. नुसता गोड हसतो. या वयात असा रिकामा झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बिनपगारी फुलदाणी.

परवा आई येईल. तिच्यासाठीच तर ही नोकरी. पडल्यापासून तिला एकटीला घरी ठेवता येत नाही, ताई परदेशातून फोनवर रडण्यापलीकडे काही करत नाही, आणि इथे कर्मचाऱ्याच्या आईला खोली मिळते. वरच्या मजल्यावरची, कोपऱ्यातली. मी स्वतः बघून आलो. ऊन येतं.

६ मार्च, बुधवार

आई आली. दारातच मेट्रनबाईंच्या ओढणीचा उसवलेला काठ तिने पकडला आणि सुई आहे का विचारलं. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, शिवण शिकवली. तिला माणूस नंतर दिसतो, शिवण आधी. मग माझ्याकडे वळली. माझ्या शर्टाचं लेबल कॉलरबाहेर आलं होतं म्हणे. ते तिने दोन बोटांनी आत ढकललं. बोटं नेहमीसारखी गार. आणि सगळ्यांसमोर, "ठोंब्या, जेवलास का?"

बेचाळीस वर्षांच्या माणसाला चारचौघांत ठोंब्या म्हणायचं. परिचारिका फिदीफिदी हसल्या. मी तिला वर नेताना जरा झापलं. ती म्हणाली, "हं. मग काय साहेब म्हणू?" बोलण्याआधी 'हं' हे तिचं ठरलेलं. जणू समोरच्याचं मोजमाप घेऊन झालं, आता कात्री.

दुपारी तिचं पान केलं. तिने मजकूर सांगायला घेतला तो पहिल्या शिलाई यंत्रापासून. बाबांनी ते सायकलवर कसं आणलं, वाटेत कसं पडलं, चाक वाकडं झालं म्हणून पुढे आयुष्यभर ते कसं एका बाजूला ओढायचं. हे मी लिहिलं नाही. उगाच पाल्हाळ. पाच ओळी लिहिल्या :

चहा बिनसाखरेचा. नॅपकिनची चौकोनी घडी घालते. बोलण्याआधी 'हं' म्हणते. समोरच्याचं काही चुकलं की लगेच दुरुस्त करते. मुलाला ठोंब्या म्हणते.

शेवटची ओळ तिने हट्टाने घालायला लावली. पान मात्र देखणं झालं. डावीकडे फोटो, उजवीकडे मजकूर, भरपूर मोकळी जागा.

११ मार्च, सोमवार

बाकीची पानं आज नीट बघितली. डोळे धुवावेसे वाटले. 

एक ट्रकवाले आजोबा आहेत. त्यांचं पान उघडलं की ट्रकचा हॉर्न वाजतो. मी खुर्चीतून पडता पडता वाचलो. गाणाऱ्या बाईंच्या पानावर वरून खाली गुलाब गळत राहतात, मजकूर त्यांच्या आड. गणिताच्या सरांचं पान तर उघडतच नाही. आधी ते एक कोडं घालतात, ते सोडवलं तर पुढे. त्यांना भेटायला कोणी येत नाही याचं कारण हेच असणार. लाल पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं, तिरपे फोटो, नाचणारी मांजर. एक पान दुसऱ्यासारखं नाही. ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. 

आईला मात्र हॉर्न फार आवडला. ट्रकवाल्यांची मुलगी लांब असते, ती रोज सकाळी पान उघडून हॉर्न ऐकते आणि मग कामाला जाते, ही माहिती तिने चार दिवसांत काढली. तिला आता सगळ्यांची कुंडली पाठ आहे. मी म्हटलं, हॉर्न ही काही मजकुराची जात नव्हे. ती म्हणाली, नाक वर करून चाललं की पायाखालचं दिसत नाही. असली सुभाषितं ती घाऊक दरात पाडते.

माझं मत पक्कं झालं. यांना मोकळीक दिली म्हणून हा बाजार झाला. साचा असा करायचा की कोणाला हात लावता येऊ नये.

१४ मार्च, गुरुवार

साचा तयार. एका बैठकीत.

खरं तर साचा करताना खोटा नमुना घ्यायचा असतो. कोणाचाच नसलेला फोटो, अर्थ नसलेल्या ओळी. आपल्या धंद्यात पोरासोरांनाही हे शिकवतात. पण आईचं पान आयतं होतं, मापात बसलेलं. त्यालाच उचललं आणि 'नमुना म्हणून घ्या' दाबलं. मजकूर नंतर बदलता येतोच. मेहुण्याच्या एडिटरने एक लांबलचक चौकट पुढे केली. हे पान वापरात आहे, नमुना म्हणून घेतल्यास अमुक, तमुक. पुढचं वाचलं नाही. असल्या चौकटी वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ज्याने लिहिल्या त्याने तरी वाचल्या असतील का? 'होय' दाबलं.

मग कुलपं. साच्यातल्या ज्या भागाला कुलूप लावू तो सगळ्या पानांवर सारखा राहतो, कोणालाही बदलता येत नाही. बाकी भाग मोकळा. मी फोटोची जागा मोकळी ठेवली, नाव मोकळं, औषधं मोकळी. सवयी, स्वभाव, लकबी, सगळ्याला कुलूप. परिचारिकांनी तिथेच सर्वांत जास्त अकलेचे तारे तोडलेत. आधी सगळं एकसारखं दिसू दे, मग एकेक उघडून भरू. उद्या इस्त्रींना दाखवायचं आहे. 'रहिवाशांच्या सर्व पानांवर लागू करा.' केलं.

दुपारी आईला दाखवायला गेलो. तिने चष्मा वरखाली केला आणि विचारलं, माझ्याच पानाचा फर्मा काढलास? मग म्हणाली की फर्मा कागदावर काढतात, माणसाच्या अंगावरच्या कपड्यावर कात्री चालवत नाहीत. मी म्हटलं, आई, हे ब्लाउज नाही. ती नुसती हसली. चहा मात्र तिने घेतला नाही. दमली असेल.

१५ मार्च, शुक्रवार

इस्त्री खूश. एकापाठोपाठ पानं उघडून बघत होते. किती शांत वाटतं म्हणाले. प्रत्येक पानावर अजून आईच्याच पाच ओळी आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. सोमवारी कुलपं उघडून ज्याचं त्याला देऊन टाकीन. घाई नाही.

आज एक चमत्कारिक प्रकार झाला. दाराजवळच्या खुर्चीतला तो गोडबोल्या सकाळी एकदम उठून उभा राहिला, आज तारीख काय म्हणून ओरडला आणि हमसाहमशी रडला. बायकोचा फोन नंबर त्याला तोंडपाठ होता. ती धावत आली. सगळा निवास गोळा झाला, मेट्रनबाईंनी डोळे पुसले. जाण्याआधी तो गृहस्थ थेट माझ्या खोलीशी आला. दारातूनच माझ्या संगणकाच्या पडद्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोणाला ठेवलंत?"

मी म्हटलं, कशात? त्याने पडद्यावरचा आईचा फोटो पाहिला. ही कोण विचारलं. मी म्हटलं, आई. त्याने तोंडावर हात ठेवला. माफ करा, मी इथे थांबू शकत नाही, असं काहीतरी पुटपुटला आणि बायकोचा हात धरून अक्षरशः पळाला. 

बरा झालेला वेडा हा बिघडलेल्या वेड्यापेक्षा जास्त त्रासदायक असतो.

१८ मार्च, सोमवार

दोन दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर दिवाणखान्यात ट्रकवाले आजोबा. मला बघून म्हणाले, "हं. ठोंब्या, जेवलास का?"

मला हसू आलं नाही. आईने हे नाव गावभर केलेलं दिसतंय. मेट्रनबाईंकडे तक्रार केली तर त्या साध्या चेहऱ्याने म्हणाल्या, "पानावर आहे ना तसं. मुलाला ठोंब्या म्हणतात." मी म्हटलं, अहो, मी त्यांचा मुलगा नाही, आईचा आहे. त्या म्हणाल्या, तेच तर.

जेवणाच्या खोलीत सगळ्यांना बिनसाखरेचा चहा. पानावर आहे म्हणून. एकानेही कुरकुर केली नाही. गणिताच्या सरांना चार चमचे साखर लागायची, त्यांनीही नाही. मेंढरं.

आईकडे जायला वेळ झाला नाही. फोनही नाही आला तिचा. रुसली असेल.

१९ मार्च, मंगळवार

कुलपं उघडत नाहीत. 'लागू केलेल्या साच्याची कुलपं उघडता येत नाहीत. नमुना बदला.' मेहुण्याला दहा शिव्या घातल्या. दगडाला घाम फुटेल, पण या एडिटरला नाही.

आईचं पान उघडलं. फोटोच्या जागी करडा चौकोन. नावाच्या जागी, 'येथे नाव लिहा'. पाचही ओळी गेल्या. तिथे करड्या अक्षरांत एकच, 'येथे मजकूर लिहा'.

बरोबरच आहे, मजकूर साच्यात गेला, पान रिकामं झालं. तांत्रिक गोष्ट आहे.

वर गेलो. आई खिडकीशी उन्हात बसली होती. मला बघून उठली. हसली. म्हणाली, "आपण बसा."

मी म्हटलं, आई, चेष्टा पुरे. ती म्हणाली, आपण कोणाकडे आलात? आवाज तिचाच. माझ्या आईने मला आयुष्यात 'आपण' म्हटलेलं नाही. रागानेही नाही. रागावली की ती आणखी खाली उतरून बोलायची, गाढवा, रेड्या. 'आपण' हा शब्द तिच्या तोंडून मी फक्त गिऱ्हाइकांसाठी ऐकला आहे.

मी मुद्दाम तिच्याकडे पाठ केली. कॉलरचं लेबल हाताने बाहेर ओढलं. तसाच उभा राहिलो.

तिने हात लावला नाही.

डॉक्टर येऊन बघून गेले. या वयात होतं म्हणाले. हुशार आहेत. सगळ्या रोगांवर यांचं हेच एक औषध.

२० मार्च, बुधवार

आता लिहितो ते मी स्वतः पाहिलेलं आहे. 

दुपारचं जेवण चाललं होतं. गाणाऱ्या बाईंनी नॅपकिन उचलला. एक घडी, दुसरी, मग नखाने कड दाबली आणि चौकोन ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला. आईची कड दाबायची रीत आहे ती. नख आडवं फिरवून. हे पानावर नाही. मी लिहिलंच नव्हतं. पानावर फक्त 'चौकोनी घडी घालते' एवढंच आहे. 

त्यांच्या शेजारच्यांनी तीच घडी घातली. पलीकडच्यांनीही. सगळ्या टेबलांवर. नख आडवं.

परिचारिका पान वाचून शिकवतात म्हणावं, तर हे कोणी शिकवलं?

मी उठलो. गणिताचे सर मागून आले. माझं लेबल आत ढकललं. दोन बोटांनी. बोटं गार.

"हं," ते म्हणाले. "वाळलास रे."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. त्या नजरेने. मी शाळेतून उशिरा आलो की आई दारात उभी असायची, त्या. एकेका चेहऱ्यावर तीच. मिशीवाल्या चेहऱ्यावरसुद्धा.

आणि कोपऱ्यात आई. एकटी तीच माझ्याकडे बघत नव्हती. समोरच्या नॅपकिनचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली आहे. बसली आहे हे लिहायला लाज वाटत नाही.

२१ मार्च, गुरुवार

ट्रकवाल्यांची मुलगी आली. हॉर्न का बंद झाला विचारायला, एवढ्या लांबून. वडिलांना भेटून खाली आली आणि पायऱ्यांवर बसून रडली. म्हणाली, हे माझे वडील नाहीत, ही कोणीतरी बाई आहे. इस्त्रींनी तिला पाणी दिलं आणि नवं पान दाखवलं. बघा किती सुटसुटीत.

मी हॉर्न काढला. मी.

सकाळभर एकच काम केलं. आईच्या रिकाम्या पानात त्या पाच ओळी पुन्हा लिहिल्या. साच्यात बघून, जशाच्या तशा. मग धावत वर.

ती म्हणाली, "हं. चहा बिनसाखरेचा." मग थांबली. "हं. नॅपकिनची चौकोनी घडी." घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. "हं. ठोंब्या." माझ्याकडे बघून नाही. भिंतीकडे.

पाच ओळी संपल्या की पुन्हा पहिली.

मी यंत्राचं लिहायला गेलो. सायकलवरचं. कोणत्या रस्त्याने आणलं? चाक कोणतं वाकलं? ती हसत होती की रडत होती तेव्हा? मी ऐकलंच नव्हतं. मी चौकटीचं माप घेत होतो. ताईला फोन केला, तिला थोडं आठवत होतं, पण तेवढ्याने माणूस होत नाही. माझ्या आईबद्दल मला पाच ओळी येतात. त्याही तिने सांगितलेल्या.

ओळी पुसून टाकल्या. निदान ती आवाज करत नाही आता. 'आपण बसा' म्हणते. मी बसतो.

२२ मार्च, शुक्रवार

'नमुना बदला' दाबलं. चौकट आली. आज वाचली. प्रत्येक शब्द, बोट ठेवून.

साचा नमुन्याशिवाय राहत नाही. नवा नमुना निवडल्यावर जुन्या नमुन्याला त्याचं सगळं परत मिळेल. नव्या नमुन्याचं सगळं साच्यात जाईल. ज्या भागांना कुलूप नसेल तिथे प्रत्येकाला ज्याचं त्याला परत. नमुना फक्त वापरात असलेल्या पानांतून निवडता येईल.

खुर्चीतला तो माणूस. 'कोणाला ठेवलंत.' तो आधीचा नमुना होता. एकही कुलूप न लावता त्याने स्वतःला साच्यात घातलं होतं. म्हणून तर सगळी पानं मोकळी होती. हॉर्न, गुलाब, मांजर. आणि मी आईला घातल्यावर तो सुटला.

मी त्याला फुलदाणी म्हटलं होतं.

खोटं पान करून बघितलं. घेत नाही. 'हे पान कोणाचंही नाही.' इस्त्रींचं पान शोधलं. त्यांना तर मी आनंदाने घातलं असतं. त्यांचं पान नाही. सगळ्या कर्मचाऱ्यांचं आहे, त्यांचं नाही. मेंदूला सुरकुती नाही म्हणालो होतो मी. आहेत, चांगल्या खोल आहेत. विचारायला गेलो. त्यांनी बसायला सांगितलं आणि म्हणाले की नमुना कोणीतरी लागतोच हो, कोण ते आम्ही नाही सांगत.

यादीत गणिताचे सर आहेत.

त्यांचं कोणी नाही. भेटायला कोणी येत नाही. कोण विचारणार. माउस त्यांच्या नावावर ठेवून किती वेळ बसलो कोण जाणे.

ते आले. खोलीत. हातात माझ्यासाठी झाकलेली ताटली. "हं. ठोंब्या, सकाळपासून काही खाल्लं नाहीस." माझं लेबल आत घातलं. उभे राहिले, मी खाईपर्यंत. दाढीवाला म्हातारा माणूस, आणि उभं राहायची पद्धत आईची. एक हात कमरेवर.

मी खाल्लं. रडत खाल्लं. त्यांच्या नावावर क्लिक होत नाही माझ्याने. आत आईच आहे. आणि आई नसती तरी — नसती तरी नाही.

यादीत शेवटी माझं पान. स्वभाव : तिरकस.

२३ मार्च, शनिवार

सगळी कुलपं काढली. नवा नमुना लागू करण्याआधी काढता येतात. दोनदा तपासलं. एकही नाही.

ताईला फोन केला. म्हटलं, तू ये, आईला घेऊन जा, इथे ठेवू नकोस, एक दिवससुद्धा. का विचारत होती. माझ्याशी भांडली. नेहमीसारखी. बरं वाटलं.

आईजवळ बसलो. तिला म्हटलं, आई, यंत्राचं सांगायचं राहिलं होतं ना, ते तू ताईला सांग. सगळं सांग. ती 'बरं' म्हणाली, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

मला भीती वाटते. लिहून ठेवतो, मला फार भीती वाटते. मी हुशार माणूस आहे, माझ्या डोक्यात पुष्कळ आहे, लोकांना काय काय म्हणायचं ते सगळं — आणि ते सगळं करडं होणार — 'येथे' —

आई, चौकट वाचली आहे या वेळी. पूर्ण.

होय द

२५ मार्च, सोमवार

आज सकाळी वही सापडली. वही छान आहे. आधी कोणीतरी बरंच लिहिलं आहे. अक्षर घाईचं आहे, वाचता आलं नाही.

येथे सर्व जण चांगले आहेत. मला दाराजवळ खुर्ची दिली आहे. खिडकी मोठी आहे. हिरवळीवर दोन बाकं आहेत. संचालक चांगले आहेत. ते म्हणाले, कचेरीत नवीन माणूस येणार आहे.

कुठेतरी मोटारीचा हॉर्न वाजला आणि सगळे हसले. मीही हसलो.

एक बाई आल्या. वयस्कर. सोबत त्यांची मुलगी होती, हातात बॅग. मी उठून उभा राहिलो, आपण बसा म्हटलं. बाई बसल्या नाहीत. माझ्या मागे गेल्या आणि शर्टाला मानेपाशी काहीतरी केलं. बोटं गार होती. मुलगी म्हणाली, आई, टॅक्सी थांबली आहे. बाई म्हणाल्या, थांबू दे, मी याला सोडून येत नाही. 

मग त्यांनी मला एका नावाने हाक मारली. नाव चांगलं होतं. माझं नसावं. त्या खूप रडत होत्या, म्हणून मी विचारलं, आपल्याला कोण हवं आहे? त्या म्हणाल्या, हं, वही दे इकडे, मी सांगते तसं लिही. पहिली ओळ, तू लहान असताना